कविता आवडली, हे सांगायचं कसं?

पागोळी

मंडळी, बरेच दिवस मनात असलेला विषय मांडते. पाककृतीच्या धाग्यावर लोक विचारतात, वाटी केवढी, गूळ कोणता, कढई लोखंडी चालेल का. कवितेच्या धाग्यावर मात्र "छान", "मस्त", "पुलेशु" (पुढील लेखनास शुभेच्छा) आणि दोन फुलं. कविता वाईट असली तरी हेच आणि चांगली असली तरी हेच. लिहिणाऱ्याला काय पोचलं आणि काय पोचलं नाही, ते कधी कळतच नाही.

तर माझे प्रश्न असे. कविता आवडली तर तुम्ही काय लिहिता? नाही आवडली तर गप्प बसता की सांगता? आणि चारचौघांत चूक दाखवणं योग्य वाटतं का? नुसतं हवेत बोलणं नको म्हणून माझेच दोन शेर खाली देते. गझल अजून पूर्ण नाही. मोकळेपणाने बोला, मला राग येणार नाही.

घराला अताशा नवे दार आहे
जुना उंबरा मात्र बेजार आहे

कडी वाजते ना कुणी हाक देते
कुठे पूर्वीचा तो शेजार आहे

मधली सुट्टी

मस्त! पुलेशु.

उनाड

मधली सुट्टी, वरचा धागा वाचलात का हो? हा हा.

मधली सुट्टी

वाचला की! लोकलमध्ये उभ्याने, एका हाताने टाइप करतोय. पण खरं सांगू का, "मस्त" मनापासूनच लिहिलंय. मुशायऱ्यात समोरून "वाह" येतं तेव्हा शायर स्पष्टीकरण मागतो का? मोठा प्रतिसाद लिहिता येत नाही म्हणून आम्ही वाचणाऱ्यांनी दादच द्यायची नाही की काय?

अनुष्टुभ

मधली सुट्टी यांचा मुद्दा रास्त आहे, पण मुशायऱ्यात "वाह" एकटं येत नाही. रसिक शेराची पहिली ओळ कवीबरोबर परत म्हणतात, मिसरा उचलतात. आवडला तर "मुकर्रर" म्हणून तोच शेर पुन्हा वाचायला लावतात. कोणता शेर लागला हे शायराला तिथल्या तिथे कळतं. इथे तेवढंच करायचं असेल तर आवडलेली ओळ कॉपी करून खाली "वाह" लिहा. एक बोट पुरतं.

आता पागोळीताईंच्या शेरांकडे. वृत्त भुजंगप्रयात, लगागा लगागा लगागा लगागा. ल म्हणजे लघू अक्षर, एक मात्रा; गा म्हणजे गुरू, दोन मात्रा. ओळीत 12 अक्षरं, 20 मात्रा. रामदासांचे 205 मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत, त्यामुळे चाल सगळ्यांच्या कानात आहे. मतला, म्हणजे पहिला शेर, त्या चालीत म्हणून बघा, कुठेही अडखळत नाही. दुसऱ्या शेराचा उला मिसरा, म्हणजे पहिली ओळ, तीही चोख. सानी मिसरा, म्हणजे दुसरी ओळ, मात्र "कुठे पूर्वीचा" म्हणताना पाय अडकतो. चौथ्या जागी लघू हवा, तिथे "र्वी" आहे. सातव्या जागी लघू हवा, तिथे "शे" आहे. अक्षरं 11 भरतात.

गंमत म्हणजे मात्रा मोजल्या तर बरोबर 20 येतात, म्हणून लिहिताना ओळ पुरी वाटली असणार. पण हे अक्षरगणवृत्त आहे. यात बेरीज जुळून भागत नाही, लघू-गुरूंची जागाही तीच लागते.

पागोळी

अनुष्टुभ काका, ही ओळ मलाही खटकत होती, पण मात्रा पुन्हा पुन्हा मोजून 20 च येत होत्या! आता उलगडलं. मनापासून आभार.

सातपुडा

म्हणजे झालंच का? पहिला सविस्तर प्रतिसाद आला तो मोजपट्टी घेऊन! अनुष्टुभ यांच्या अभ्यासाबद्दल आदर आहे, पण माझा आक्षेप नोंदवतो. कविता हातात आली की आधी ती काय म्हणते ते बघा हो.

मी जळगावकडचा. आमच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर बसून त्या म्हणायच्या आणि घरातली मुलं उतरवून घ्यायची. त्या 1951 साली गेल्या. मग त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी ती वही अत्र्यांना दाखवली आणि थोडं ऐकताच अत्रे म्हणाले, हे बावनकशी सोनं आहे. 1952 साली त्यांच्याच प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. त्या क्षणी अत्रे लगक्रम, म्हणजे लघू-गुरूंचा क्रम, मोजत बसले असते तर? 1907 सालीही जळगावातच, पहिल्या कविसंमेलनात ठोंबरे नावाच्या कोवळ्या मुलाची कविता ऐकून अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला "बालकवी" म्हटलं. आधी मोकळी दाद आली आणि तो मुलगा पुढे बालकवी म्हणूनच लिहीत राहिला.

वऱ्हाडी ठसका

सातपुडा भाऊ, बहिणाबाईंची ओवी म्हणून पाहा की. ठेका कुठे सुटतो का? त्यांना मोजावं लागत नव्हतं, कारण जात्याचा फेरा आपोआप मोजत होता. छंदाशी वैर नव्हतं त्यांचं.

अन् अमरावतीच्या माणसासमोर गझलेला मोजपट्टी नको असं म्हणू नका बा! सुरेश भटांनी नवीन पोरांसाठी "गझलेची बाराखडी" लिहिली ती कशासाठी? मतला, काफिया (यमक), रदीफ (यमकानंतर तसाच परत येणारा शब्द), अलामत (यमकातला सारखा राहणारा स्वर) सगळं समजावून दिलं, पोरांच्या गझला तपासल्या, म्हणून मराठीत गझल लिहिणारी पिढी उभी राहिली. उर्दूत उस्तादाने शागिर्दाचा शेर दुरुस्त करण्याला इस्लाह म्हणतात. त्यात अपमान कुणी मानत नाही. अनुष्टुभ काकांनी केली ती इस्लाह. मला तर हेवा वाटतो, आमच्या वेळी असं कुणी भेटलं नाही.

निळी शाई

सानी मिसऱ्यासाठी एक सुचवू का?

जुन्या माणसांचा न शेजार आहे

गाभारा

निळी शाई, "जुन्या" मध्ये "न्या" जोडाक्षर आहे. त्यामुळे आधीचा "जु" गुरू होणार. पहिलंच अक्षर गुरू म्हणजे वृत्त गेलं.

अनुष्टुभ

नाही, गाभारा. जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर आला तरच ते गुरू होतं. "फक्त", "सत्य" म्हणून बघा, "फ" आणि "स" वर ठोका पडतो. "जुन्या", "तुझ्या", "पुन्हा" यांत पडत नाही. निळी शाईंची ओळ निर्दोष आहे.

पागोळी

निळी शाई, ओळ सुंदर आहे, पण मतल्यात "जुना" येऊन गेलाय, लगेच परत नको वाटतं. विचार करते.

भरतीओहोटी

मी वृत्तातला नाही, रत्नागिरीचा आहे. मला मतल्याबद्दल बोलायचंय, कारण सगळे दुसऱ्या शेरात अडकलेत आणि मी "जुना उंबरा मात्र बेजार आहे" या ओळीपुढे सरकलेलोच नाही.

आमच्या गावच्या घराचा उंबरठा फणसाच्या लाकडाचा. मधोमध इतका झिजलाय की पावसाळ्यात तिथे चमचाभर पाणी साठतं. एका बाजूला हळदीकुंकवाचे थर, खरवडले तर चार पिढ्यांचे निघतील. घर वर्षभर बंद असायला लागलं तेव्हा चुलत्यांनी जुनी फळ्यांची दारं काढून लोखंडी दार बसवलं. दार सरळ रेषेत बसलं, पण उंबरठा मध्ये खोलगट, त्यामुळे खाली बोटभर फट राहिली. गवंडी म्हणाला, उंबरठा बदला. चुलती म्हणाली, दार काय वाटेल ते करा, उंबरठ्याला हात लावायचा नाही. अजून गणपतीत आम्ही जातो तेव्हा त्या फटीला गोणपाट लावलेलं असतं.

तर माझ्यासाठी तो उंबरा दाराला कंटाळलेला नाही. त्याच्यावरून कुणी जात-येत नाही म्हणून तो बेजार आहे. पागोळीताई, तुम्हाला हेच म्हणायचं होतं का माहीत नाही, मला हेच मिळालं.

पागोळी

भरतीओहोटी, माझ्या मनात शहरातलं घर होतं आणि उंबरा म्हणजे घरातली वडीलधारी बाई. गोणपाट माझ्या कवितेत नव्हतं, तुम्ही आणून ठेवलंत. आता तो शेर मला तसाच दिसणार. असा प्रतिसाद मिळाल्यावर लिहिणाऱ्याला आणखी काय हवं?

लिंबलोण

मला "उंबरा म्हणजे आई" असंच वाटलं होतं. आमच्या पुण्यातल्या फ्लॅटला तर उंबरठाच नाही, काळ्या ग्रॅनाइटची एक पट्टी आहे. सासूबाई तिलाच रोज हळदीकुंकू वाहतात.

थोडं अवांतर. जात्यावर दोघी बसायच्या. एकीने ओवी म्हटली की दुसरी तीच ओळ उचलून पुढची जोडायची. पहिलीने भावाचं नाव घेतलं की दुसरी माहेरच्या वाटेचं काढायची. तिथे "छान म्हटलीस" असं कुणी म्हणत नव्हतं, पुढची ओवी हाच प्रतिसाद. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावी फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या वाचताना जाणवतं की एकीचं दुःख दुसरीने पुढे नेलंय. भरतीओहोटींनी आत्ता तेच केलं.

भरतीओहोटी

लिंबलोणताई, आमच्याकडे हेच भांडून करतात! शक्ती-तुरा. एका बाजूला शक्तीवाले, दुसऱ्या बाजूला तुरेवाले. एका शाहिराने पदातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने तिथेच पदातून जवाब द्यायचा. रात्रभर चालतं. जवाब आला नाही तर गावभर चर्चा. पण सवाल नीट ऐकल्याशिवाय जवाब देताच येत नाही, त्यामुळे समोरच्याची कविता शाहिराइतकी कान देऊन कुणीच ऐकत नसेल.

कोरा कागद

इथे पहिल्यांदाच लिहितोय, एरवी नुसता वाचतो.

सगळे इतकं प्रेमाने बोलताय म्हणून सांगावंसं वाटलं. कॉलेजात असताना एका ग्रुपवर कविता टाकली होती. पहिलाच प्रतिसाद आला, "ही कविता आहे की वाणसामानाची यादी?" त्यावर हसणाऱ्यांची रांग लागली. मग एकाने तिचं विडंबन केलं, त्याला माझ्या कवितेपेक्षा जास्त वाहवा. त्यानंतर मी लिहिणं थांबवलं नाही, पण दाखवणं थांबवलं. पागोळीताईंनी विचारलंय की चारचौघांत चूक दाखवावी का. अनुष्टुभ सरांनी दाखवली तशी कुणी दाखवली असती तर मला आवडलं असतं.

ऐसपैस

कोरा कागद, तुमच्यावर झाली ती टवाळी, आणि तिचा निषेध. पण विडंबनाला त्यासोबत बदनाम होऊ देऊ नका, कारण तो मला कवितेला मिळणारा फार प्रामाणिक प्रतिसाद वाटतो.

अत्र्यांचं "झेंडूची फुले" 1925 साली आलं. रविकिरण मंडळाच्या कवींची त्यात रेवडी उडवली आहे. पण मूळ कवीच्या लकबी, लाडके शब्द, वृत्तं अत्र्यांनी किती बारकाईने टिपली आहेत ते बघा. दहादा वाचल्याशिवाय ते जमत नाही. आणि ज्यांची टर उडवली ते कवी तेव्हा प्रस्थापित होते, त्यांचा बोलबाला होता. विडंबन करायचं तर अशांचं करावं, ज्यांची ओळ लोकांना आधीच पाठ आहे. पहिली कविता घेऊन आलेल्या मुलाचं करू नये. इतकी समज नसेल त्याने झेंडूच्या वाटेला जाऊ नये.

उनाड

ऐसपैस यांच्या नियमाप्रमाणे, ज्यांची ओळ सगळ्यांना पाठ आहे त्यांचंच विडंबन करतो. मधली सुट्टी, प्रेमाने घ्या. अनुष्टुभ काका, मोजून लिहिलंय!

कुणी गद्य टाका, कुणी पद्य टाका
सदा 'छान' ओठांत तय्यार आहे

अनुष्टुभ

लगक्रम निर्दोष. काफियाही जुळला. वाह!

मधली सुट्टी

हा हा हा! उनाड, डब्यात मोठ्याने हसलो, शेजारच्या काकांनी वळून पाहिलं. "छान" मी लिहिलंच नव्हतं, "मस्त" लिहिलं होतं, पण वृत्तासाठी सूट दिली.

घरी आलोय, आता दोन्ही हातांनी लिहितो. पागोळीताई, मला "कडी वाजते ना कुणी हाक देते" ही ओळ आवडली, आणि का ते सांगतो. पहिल्यांदा वाचताना मी "कडी वाजते ना?" असं वाचलं. कुणीतरी आतल्या खोलीतून विचारतंय, अगं कडी वाजली ना, बघ कोण आलंय. मग पुढे गेल्यावर कळलं की कडीही वाजत नाही आणि हाकही नाही. क्षणभर वाटलं कुणी आलंय आणि लगेच कळलं कुणी नाही. आमचे आजोबा शेवटच्या वर्षात असंच दिवसातून अनेकदा "कडी वाजली का रे" विचारायचे. तुम्ही हे मुद्दाम केलंय की नाही ठाऊक नाही, पण ओळ बदलू नका. मध्ये स्वल्पविराम तर अजिबात टाकू नका.

लिंबलोण

मधली सुट्टी, हे पहिल्याच प्रतिसादात का नाही लिहिलंत हो? किती छान वाचलंय!

गाभारा

दोन दिवस हा धागा वाचतोय. एक आठवण करून देतो. आपल्याकडे कवितेला मिळालेला सगळ्यात कठोर प्रतिसाद तुकोबांच्या अभंगांना मिळाला. वाघोलीच्या रामेश्वरभट्टांनी विरोध केला आणि वह्या इंद्रायणीत गेल्या, ही कथा प्रत्येक मराठी माणसाला माहीत आहे. पुढे तेच रामेश्वरभट्ट तुकोबांचे भक्त झाले. कीर्तनात आपण "आरती तुकारामा" म्हणतो ती त्यांचीच रचना, शेवटच्या कडव्यात त्यांचं नाव येतं. म्हणून मला वाटतं की कडक बोलणाऱ्याला लगेच दार बंद करू नये. तो निदान वाचतोय. खरी भीती न वाचता फुलं टाकून जाणाऱ्यांची.

ऐसपैस

गाभारा, विरोधकाने नंतर आरती लिहिली, हे त्या विरोधकाचं मोठेपण. पण वह्या बुडाल्या तेव्हा तुकोबांवर जे गुदरलं त्याचं समर्थन त्यातून होत नाही. देहूच्या काठावर बसलेल्या माणसाला "निदान वाचतोय" म्हणणार का आपण? कोरा कागद यांना तरी मी तसं म्हणणार नाही.

गाभारा

समर्थन करायचं नव्हतं, तरी तुमचं म्हणणं पटतंय. कोरा कागद यांच्या बाबतीत तर पूर्ण सहमत.

अनुष्टुभ

पागोळीताईंच्या मूळ प्रश्नाकडे येतो, नाहीतर धागा भरकटेल. "सत्यकथा" मासिक 1982 साली बंद पडलं, पण त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या पत्रांबद्दल जुने लेखक अजून बोलतात. साभार परत आलेल्या साहित्यासोबतही कुठे सैल पडलंय, कुठे पुन्हा लिहून बघा, असं सविस्तर पत्र यायचं. त्या मासिकावर पुढच्या पिढीचा रागही होता, 1969 साली राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी अंकाची होळी केली. ती होळी आणि ती पत्रं दोन्ही खरी आहेत. पण पत्राने लेखकाला काम दिलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

मी स्वतः वृत्ताची चूक चारचौघांत सांगतो, कारण त्यातून इतरांनाही शिकता येतं आणि त्यात लिहिणाऱ्याच्या काळजाला हात घालायचा नसतो. भावनेबद्दल, अनुभवाबद्दल काही खटकलं तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. आणि कवीने मागितल्याशिवाय पर्यायी ओळ देत नाही.

निळी शाई

अरेच्चा, मी तर न मागता दिली!

पागोळी

निळी शाई, तुमच्या ओळीमुळेच मला माझी सापडली, तेव्हा देत राहा. "पूर्वीचा तो" काढून टाकलं. आता शेर असा:

कडी वाजते ना कुणी हाक देते
कुठे राहिला तोच शेजार आहे

स्वल्पविराम टाकलेला नाही, मधली सुट्टी! आणि कोरा कागद, तुमची एखादी कविता इथे द्याल का? वाणसामानाची यादी असली तरी चालेल, यादीतही कविता असू शकते.

सातपुडा

"कुठे राहिला तोच शेजार आहे", ही खरंच उजवी झाली. मोजपट्टीबद्दल अनुष्टुभ यांच्यावर जरा जास्त बोललो असेन, पण आधी अर्थ बघावा हा हट्ट कायम. कोरा कागद, टाका कविता. वाट बघतोय.

कोरा कागद

वृत्तात नाही. मुक्तछंद आहे.

बाबा एसटीतून निवृत्त झाले
तेव्हा चिमटा परत केला,
तिकिटांचा ट्रे परत केला.
झोपेत मात्र अजून
एकदा घंटी मारतात, थांबण्यासाठी
दोनदा मारतात, निघण्यासाठी.

मधली सुट्टी

"तिकिटांचा ट्रे परत केला." वाह. मुकर्रर!

सातपुडा

कोरा कागद, हे टाकायला इतकी वर्षं घेतलीत? चिमटा आणि ट्रे या दोन वस्तूंतच माणूस उभा राहिला. निवृत्ती म्हटलं की लोक शाल-श्रीफळ लिहितात, तुम्ही परत केलेल्या वस्तू मोजल्यात, फार बरं केलंत. एकच सुचवतो, तुम्ही चालेल म्हणाल तरच धरा. शेवटच्या दोन ओळींत "थांबण्यासाठी" आणि "निघण्यासाठी" कशाला? एसटीने फिरलेल्या माणसाला एक घंटी आणि डबल बेल माहीत असते. नुसतं "एकदा घंटी मारतात, मग दोनदा" इतकं पुरेल.

वऱ्हाडी ठसका

नाही बा, काढू नका! आजकालच्या शहरातल्या पोरांना डबल बेल कुठून माहीत असणार? शिवाय "निघण्यासाठी" वर माझा तर जीव थांबला. झोपेतला म्हातारा माणूस कुठे निघालाय, हा विचार त्या शब्दामुळेच येतो. तो काढला तर फक्त गंमत उरेल.

कोरा कागद

दोघांचंही पटतंय. "थांबण्यासाठी" काढतो, "निघण्यासाठी" ठेवतो. म्हणजे शेवट असा होईल: "एकदा घंटी मारतात. / मग दोनदा, निघण्यासाठी." आज रात्री बाबांना वाचून दाखवतो, घंटीबद्दल काही चुकलं असेल तर तेच सांगतील. उद्या इथे कळवतो.